तांडेलिणीच्या फळीवरचं गाठोडं

लहानपणी मी फार प्रश्न विचारायची. आमच्या मोंबासाच्या घरी वडिलांनी त्यावर एक उपाय काढला होता. मी तोंड उघडलं की ते वर्तमानपत्र उघडायचे. आईला वाचायला पेपर नसे, त्यामुळे ती नुसतं "हं" म्हणायची. रत्नागिरीला काकूनं मात्र पहिल्याच दिवशी मला समोर बसवून करार केला. "हवं तितकं विचार. पण एकदा तू विचारायचंस, एकदा मी. नाहीतर मला कसं कळायचं तिकडचं?"

ही तिसाव्या सालाच्या आगेमागेची गोष्ट. वडील मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. माझा जन्म तिकडचाच. त्या वर्षी त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून आई आणि मी दोघीच उन्हाळ्यापुरत्या घरी आलो होतो. घरी म्हणजे काकांच्या घरी. काका वडिलांचे थोरले भाऊ, कोर्टात नोकरीला. घरात ते आणि काकू, दोघंच. मी सात वर्षांची होते. येणारी-जाणारी बायकामाणसं माझ्या गालाला हात लावून म्हणत, "आलीस गो घरी?" मला याचं नवल वाटे. मी तर घर सोडून आले होते. घर तिकडे, खाडीपलीकडच्या टेकाडावर, पत्र्याच्या छपराचं, मागे पपईची झाडं असलेलं. तसं मी एकदा बोललेही. काकू हसली आणि म्हणाली, "बरं, मग इथे पाहुणी हो. पाहुण्यांना फणस आधी मिळतो."

इथलं सगळं मला विचारण्यासारखं होतं. भिंतींचे दगड लाल का? फणस कापताना हाताला तेल का लावायचं? विहिरीवर रहाटाच्या कुरकुरण्यावरून कोण पाणी काढतंय हे काकूला आत बसून कसं कळतं? काकू उत्तर द्यायची आणि लगेच तिची पाळी घ्यायची. "तिथे तुळस लागते का गो?" लागते. "आणि एकादशीला काय खाता?" रताळी. "तिथली माणसं भात खातात?" खातात, पण मक्याच्या पिठाचा गोळाही खातात, हातानं मोडून. एकदा मी तिला गोरखचिंचेच्या झाडाबद्दल सांगितलं. चार-पाच माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही एवढं जाड, आणि फांद्या अशा की जणू कुणी उपटून उलटं लावलंय. काकूचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं ते झाड सगळ्या बायकांना सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात ते दहा माणसांच्या कवेत मावेना.

काकूला मूल नव्हतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सात वर्षांच्या मुलीला दिसतं. आम्ही यायच्या आधीच तिनं सुताराकडून माझ्यासाठी लहान पाट करून घेतला होता. पंगतीत तो तिच्या पाटाला चिकटून मांडलेला असे. सकाळी ती माझे केस विंचरायला बसली की घरातली सगळी कामं थांबत. आई पाच मिनिटांत वेणी घाली. काकूला अर्धी सकाळ लागे, कारण ती सोडून पुन्हा घाली. मला वाटायचं, हिला वेणी नीट जमत नाही. आज मला त्याचं कारण कळतं.

एके दिवशी काका कोर्टातून येताना नवी पाटी घेऊन आले. लाकडी चौकटीची, कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवलेली. ती माझ्या हातात देऊन ते ओटीवर बसले आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं बोलू लागले. आई त्यांच्यासमोर येत नसे, दाराआड उभी राही, म्हणून तिच्याशी बोलायचं तर असंच बोलावं लागे. ते म्हणाले, "हिची शाळेत सोय करून आलोय. तिकडे मराठी शाळा नाही, काही नाही. पोर धड मराठी बोलत नाही, मधूनच ते तिकडचं काहीतरी घुसडते. धाकट्याशी माझं पत्रातून मागेच बोलणं झालंय. तू जा परत, ही इथे राहील. आमच्या पोरीसारखी राहील."

 थोरल्या दिरापुढे आई काय बोलणार? मी आत गेले तेव्हा आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. खडे वेचत होती आणि वेचलेले खडे पुन्हा सुपातच टाकत होती. "का?" मी विचारलं. "शिकायला हवं ना," ती म्हणाली. "मग तू पण राहा." "आणि तिकडे बाबांना कोण?" मला राग आला. मी पाटी न्हाणीच्या मागे ठेवून दिली.

मला काकू फार आवडायची. आणि मला आईशिवाय राहायचं नव्हतं. दोन्ही एकदम खरं होतं आणि मला त्याचा मेळ लावता येत नव्हता. काकू त्या दिवसापासून अशी काही आनंदात होती की तिच्याकडे बघून मला रडायलाही जमेना. तिनं जुन्या लुगड्याची शाळेसाठी पिशवी शिवायला घेतली. मला शेजारी बसवून विचारलं, "हिच्यावर काय काढू? मोर की आंबा?" मी म्हटलं, "बोट." काकूनं सुई थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि मग मुकाट्यानं आंबा काढायला लागली.

पाऊस तोंडावर आला की रत्नागिरीच्या बोटी बंद होतात. समुद्र खवळला की मुंबईची बोट बंदरात येतच नाही, ती थेट गणपतीच्या सुमाराला. त्यामुळे आईला त्याआधी निघणं भाग होतं. काका तिला मुंबईपर्यंत पोचवून मोठ्या बोटीवर बसवून देणार होते. काकांनी बोटीचा दिवस सांगितला आणि काकूनं पंचांग उघडलं. "अहो, त्या दिवशी अमावास्या!" काका म्हणाले, "बोट कंपनीला तसं कळवू का?" काकू रागावली नाही. ती म्हणाली, "बोट जाऊ दे तिच्या दिवशी. आपण आधीच निघू. प्रस्थान ठेवू."

मी आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द ऐकला आणि अर्थातच विचारलं.

काकूनं जे सांगितलं ते असं. निघायचा दिवस वाईट असेल तर त्याआधीचा चांगला दिवस बघायचा. त्या दिवशी जाणाऱ्या माणसाचं अंगावरचं एखादं वापरातलं वस्त्र घ्यायचं. सोबत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. सगळं एका फडक्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. की झालं. माणूस निघालं. उरलं काय, ते फक्त शरीर. ते बोटीच्या दिवशी गेलं तरी हरकत नाही. आणि पोचल्यावर पहिला भात त्या मुठीतल्या तांदळाचा घालायचा. इतरांकडे काही वेगळं करत असतील, आमच्या काकूकडे असं होतं.

माझी तर मतीच गुंग झाली. म्हणजे आई जाणार आणि तरी इथेच असणार?

चांगल्या दिवशी काकूनं पिवळं फडकं पसरलं. आईनं तिची नेहमीची एक चोळी घडी करून ठेवली. तांदूळ, हळकुंड, मग डब्यातून एक सुपारी काढून ठेवली. मी शेजारीच बसले होते. मीही डब्यात हात घातला आणि एक सुपारी उचलून फडक्यावर ठेवणार, तोच काकूनं माझं मनगट धरलं. "अगो अगो! एका माणसामागे एक. जास्त टाकलीस तर कोण जाणार तिच्यामागे?"

"मग माझं प्रस्थान कुठे ठेवायचं?"

"तू कुठे जात्येस? जाणाऱ्याचं ठेवतात."

हे तिनं अगदी सहज म्हटलं. आईनं मान वर केली नाही. काकूनं फडक्याची चारी टोकं ओढून गाठ मारली. काकूची गाठ घट्ट आणि लहान असे, टोकं कानासारखी दोन्हीकडे सारखी. मग तिनं माझ्या मुठीतली सुपारी काढून घेतली. ती तिनं परत डब्यात टाकली आणि झाकण लावलं. तेव्हा मला पहिल्यांदा पुरतं कळलं की मी राहणार.

आमच्या आळीतून बंदराकडे उतरताना शेवटचं घर एका तांडेलाचं होतं. म्हातारा तांडेल आयुष्यभर गलबतावर होता आणि अजूनही मचव्यावर जायचा. घरी त्याची बायको, तांडेलीण. बंदराच्या वाटेवरचं ते शेवटचं घर म्हणून आळीतल्या सगळ्यांची प्रस्थानं तिच्याचकडे ठेवली जात. तिच्या माजघरात एक लांब फळी होती. एका बाजूला मिठाच्या बरण्या आणि सुकवलेल्या मासळीचं टोपलं, आणि दुसऱ्या बाजूला, हळदीकुंकवाची बोटं लावलेल्या जागेवर, कुणाकुणाची गाठोडी. मुंबईला गिरणीत जाणाऱ्यांची, बसऱ्याला जाणाऱ्यांची, एकदा म्हणे नुसती तालुक्याला जाणाऱ्या एका नवरीचीही. आईनं गाठोडं फळीवर ठेवलं. तांडेलिणीनं त्यावर दोन अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "गेलीस गो बाय. सुखानं जा."

आणि खरंच, घरी आल्यावर आई गेल्यासारखीच झाली. ती केरसुणी उचलायला गेली तर काकूनं काढून घेतली. "गेलेल्या माणसानं केर काढायचा नसतो." जेवताना तिला आधी वाढलं, आग्रह करकरून. कुणी तिला काही सांगेना, कुणी रागवेना. आई बिचारी कामावाचून अवघडून बसे. मी तिच्याजवळ जाऊन तिला चिमटा काढला. "आई, दुखलं?" "दुखलं की." "मग तू गेली नाहीस." "हळू बोल," आई म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. मी नंतर बऱ्याच वेळा तिला चिमटे काढून खात्री करून घेतली. शेवटी तिनं मला धपाटा घातला, तेव्हा माझी खात्री पटली.

पण प्रश्न राहिलाच होता. मी काकूला गाठलं. ती आंब्याचा रस ताटांत पसरून साठं घालत होती. "काकू, प्रस्थान गेलं आणि माणूस गेलंच नाही तर?"

"असं होत नाही."

"का?"

"वस्तू पुढे गेली की माणसाला जावंच लागतं. गाठोडं मागे आणायचं नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून या घरात कुणाचं मागे आलेलं नाही. आता माझी पाळी. तिथे समुद्राचं पाणी इथल्यासारखंच खारट आहे का गो?"

"खारटच," मी म्हटलं. पण माझं लक्ष तिच्या प्रश्नाकडे नव्हतं. तिचं उत्तर मी मनात पुन्हा पुन्हा घोकत होते. माझ्या दृष्टीनं ते गणितासारखं सरळ होतं. वस्तू गेली की माणूस जाणार.

काकूनं वापरातलं वस्त्र सांगितलं होतं, तेव्हा नवं चालणार नाही हे उघड होतं. माझा एक निळा झगा होता. मोंबासाहून निघाले तेव्हा तोच अंगात होता. इकडे आल्याआल्या त्यावर काजूच्या बोंडूचा रस सांडून मोठा तपकिरी डाग पडला होता. काकूनं राख लावून पाहिली, लिंबू चोळून पाहिलं, डाग गेला नाही. काजूचा डाग जातच नाही. मी तो झगा चुरगाळून पोटाशी धरला, दुपारी सगळी आडवी झाल्यावर घराबाहेर पडले आणि उतारावरून तांडेलिणीकडे गेले.

ती मागच्या अंगणात वाळत घातलेली मासळी परतत होती. माजघरात कुणी नव्हतं. मी एक पाट उभा करून त्यावर चढले. काकूची गाठ माझ्यानं सुटेना. दातांनीही सुटेना. मग गाठीखालच्या फटीतून मी झगा आत कोंबायला लागले. निम्मा गेला, निम्मा जाईना. घाम फुटला. कसाबसा सगळा आत गेला, फक्त एका बाहीचं टोक बाहेर राहिलं. पाट धडकन पडला आणि तांडेलीण आत आली.

"काय करतंस गो तितं?"

"आईचं प्रस्थान आहे का ते बघते."

तिनं फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या केसांत फळीवरचं जाळं लागलं होतं, ते तिनं हातानं काढलं. "हाय, हाय. जातंय कुठं? हितं ठेवलेलं मागं जात न्हाय." तिनं मला सुक्या खोबऱ्याचा तुकडा दिला आणि मी धूम ठोकली.

मग वाट बघणं आलं. मला वाटलं होतं, ताबडतोब काहीतरी होईल. काका म्हणतील, अरे, ही जाणार म्हणे. तसं काहीच झालं नाही. काकूनं पिशवी पुरी केली, आंब्याला हिरवं पान काढलं. संध्याकाळी ती तांडेलिणीकडे मीठ आणायला म्हणून गेली आणि उशिरानं परत आली, मीठ न घेता. मी मनात म्हटलं, विसरली. रात्री ती लवकर आडवी झाली. डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून करारातले तिचे प्रश्न मात्र बदलले. मला ते तेव्हा जाणवलं आणि जरा विचित्रही वाटलं, कारण तुळस, एकादशी, गोरखचिंच वगैरे सगळं बाजूला राहिलं. वेणी घालताना ती विचारी, "तिथे तुझी वेणी कोण घालतं?" आई. "रोज? की कामाच्या घाईत राहते?" कधी कधी राहते. "ताप आला तर काढा कोण करतं?" बाबा. "बाबांना येतो काढा?" कडू करतात. "आणि तुला अंधाराची भीती वाटली तर?" मी तिला सांगितलं की मी आईच्या पोटावर पाय टाकून झोपते, मग भीती वाटत नाही.  "आणि इथे?" तिनं विचारलं. खरं तर तिची पाळी झाली होती, हा दुसरा प्रश्न करारात बसत नव्हता. पण मी उत्तर दिलं. "इथे पण आईच्याच पोटावर." तिनं वेणी सोडून पुन्हा घातली.

बोटीच्या दिवशी सकाळी काकूनं मला न्हाऊ घातलं आणि एकावर एक दोन झगे चढवले. वर पुन्हा एक जाकीट. नुसतं उकडत होतं.

"काकू, दोन का?"

"बंदरावर वारा असतो."

"पण मी तर आईला पोचवून परतच येणार."

"तोवर वारा लागेल ना," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता गुंडी लावायला लागली. माझ्या मानेला जरा चिमटा बसला, तर "लागलं का गो?" म्हणून दोनदा विचारलं.

आम्ही सगळी तांडेलिणीकडे आलो. काका, काकू, आई, मी, आणि मागे डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल. ज्याचं प्रस्थान त्यानंच ते उचलायचं, म्हणून आईनं फळीवरून गाठोडं हातात घेतलं. गाठ काकूची होती, घट्ट, लहान, दोन्ही टोकं सारखी. आणि गाठीखालून माझ्या झग्याची निळी बाही बाहेर आली होती. टोक नव्हे, चांगली अर्धी बाही.  मी एवढी बाहेर ठेवलेली नव्हती.

"हे काय?" काका म्हणाले.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघायला लागले. तांडेलीण बाहेर मांजराला हाकलायला गेली, तिथे मांजर नव्हतं.

"पोरीचा झगा दिसतोय," काकू म्हणाली. अगदी नवल वाटल्यासारखं.

"खेळताना कोंबला असेल. काढ तो," काका म्हणाले.

"काढ? अहो, प्रस्थानातलं काढायचं? ठेवलेलं वस्त्र मागे घरात न्यायचं? आणि मग पोरीला काही झालं म्हणजे?"

"अगं, पण शाळा! मी हेडमास्तरांना शब्द दिलाय. धाकट्यालाही सांगितलंय."

"शब्द तुमचा. घरात राहायचंय मला. मला नाही असलं धाडस होत." तिचा आवाज चढला होता. "गेली ती आता. वस्तू गेली, पोर गेली. तिला तिच्या आईबरोबर जाऊ दे आणि तुम्ही बंदरावर जाऊन तिचं अर्धं तिकीट काढा. उभे काय राहिलात? बोटीवर नेणारा पडाव सुटेल."

काका कोर्टात भल्याभल्यांची उलटतपासणी रोज ऐकत असत. पण पंचांगाच्या बाबतीत काकूपुढे त्यांचं आजवर काही चाललेलं नव्हतं. त्यांनी एकदा टोपी काढली, एकदा घातली, आणि ते उतरायला लागले. आई काकूच्या पाया पडायला वाकली. काकूनं तिला मध्येच धरलं आणि म्हणाली, "वेणी रोज घालत जा हिची. घाईत राहू देऊ नकोस." मला तिनं जवळ घेतलं नाही. माझ्या डोक्यावरून एकदाच हात फिरवला, वेणी जागच्या जागी आहे की नाही हे बघितल्यासारखा. मला इतका आनंद झाला होता की मी तिचा हात पुरता फिरूही दिला नाही आणि काकांच्या मागे पळाले. खाली पोचल्यावर वळून पाहिलं, तेव्हा काकू आमच्या घराकडची चढण चढायला लागलेली होती. एकटीच. शाळेची पिशवी तिच्या काखेत होती.

पडावात काकांनी मला मांडीवर बसवलं. भर समुद्रात बोट उभी होती, धूर सोडत. वल्ह्यांचं पाणी उडत होतं. काकांचा हात माझ्या गळ्याशी गेला आणि थांबला. त्यांनी जाकिटाची कड उचलली, मग पहिल्या झग्याची.

"हे दोन कुणी घातले?"

"काकूनं."

"कधी?"

"सकाळी. वारा लागेल म्हणून."

वारा मुळीच नव्हता. काकांनी मागे किनाऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वल्हवणाऱ्या माणसाला उगीच विचारलं, पाऊस कधी येईल म्हणून.

मुंबईला काकांनी आम्हाला मोठ्या बोटीवर बसवून दिलं. उतरताना मला म्हणाले, "अक्षरं गिरव हो." एवढंच. पुढचे दिवस समुद्राचे. आईला बोट लागली होती, तरी ती माझी दोन बोटं घट्ट धरून असे. जणू मी पाण्यात पडेन. मोंबासाच्या धक्क्यावर वडील एकट्या आईची वाट बघत उभे होते. शिडीवरून मी उतरताना दिसले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आई म्हणाली, "प्रस्थानात झगा निघाला हिचा." वडील काहीच समजले नाहीत, पण त्यांनी मला उचललं आणि घर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

घर तेच होतं आणि मला वेगळं दिसत होतं. पपईची झाडं उंच झाली होती. पत्र्यावर पडणारं पान वाजलं की मला रत्नागिरीच्या कौलांवर पडलेला आंबा आठवे. मी वडिलांना विचारलं, "इथले दगड लाल का नाहीत?" त्यांनी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं प्रस्थानाचा भात घालायला घेतला. जमिनीवर फडकं ठेवून ती गाठ सोडू लागली. मी शेजारी बसले होते, जशी तिकडे बसले होते. आईची चोळी निघाली. माझा झगा निघाला. मी तो कोंबला होता, चुरगाळलेला. आता त्याची नीट घडी होती, बाह्या आत दुमडलेल्या. फक्त एक बाही मुद्दाम मोकळी सोडलेली. तांदूळ मुठीहून जास्त होते. हळकुंड निघालं. आणि सुपाऱ्या.

दोन होत्या.

आईनं दोन्ही तळहातावर घेतल्या. "तू टाकलीस?" तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मला तर झगाच जेमतेम कोंबता आला होता. आईनं स्वतः एकच ठेवलेली होती. ती तशीच मूठ मिटून बसली आणि मग एकाएकी रडायला लागली, मोठ्यानं, पाय पसरून, दिरासमोर जावेसमोर कधी रडली नव्हती तशी. वडील धावत आले. मला काही कळेना. मला वाटलं, भाताचे तांदूळ सांडले म्हणून ती रडते आहे. मी ते गोळा करायला लागले.

त्या दिवसापासून आईनं मला रोज दुपारी अक्षरं शिकवली. कामं पडून राहिली, पण दुपार चुकली नाही. वेणीही चुकली नाही.

पुन्हा घरी जायला मिळालं तोवर मी चांगली मोठी झाले होते. काकूचे केस कपाळाकडे पांढरे झाले होते. माझा लहान पाट तिनं विहिरीवर पाय धुवायला ठेवला होता. आल्याआल्या ती मला समोर बसवून वेणी घालायला लागली, आणि करार तिला आठवत होता, कारण तिनं विचारलं, "ते उलटं झाड अजून आहे का गो?" आहे, म्हटलं. मग माझी पाळी आली. इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न मी विचारला.

"काकू, त्या गाठोड्यात दोन सुपाऱ्या कशा आल्या?"

तिचे हात थांबले नाहीत. तिनं पेड ओढून घेतले, शेवटपर्यंत वेणी घातली, टोकाला गाठ मारली. घट्ट आणि लहान.

"कशा म्हणजे?" ती म्हणाली. "एका माणसामागे एक. जाणाऱ्या दोघी होतात ना तुम्ही?"

आणि मग तिनं वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.